कर्णबधिर मुलांचे गुरुजी : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल



टेलिफोनचा शोध कोणी लावला, असे विचारले की निम्म्या वर्गाचे हात वर होतात. ग्रॅहॅम बेल! पुस्तकात हे उत्तर एका ओळीत असते आणि परीक्षेत त्याला एक गुण मिळतो. पण खुद्द बेल यांना कोणी त्यांचे काम विचारले, तर ते आपण कर्णबधिरांचे शिक्षक आहोत असेच सांगत. टेलिफोन त्यांना त्या मास्तरकीच्या वाटेवर सापडला. ती वाट कशी होती, ते या वेळच्या भित्तिपत्रकात पाहू या.

घरचा धंदाच आवाजाचा

कोणाच्या घरी सुतारकी असते, कोणाच्या घरी कुंभारकाम. बेल यांच्या घरी उच्चार शिकवण्याचा धंदा होता. स्कॉटलंड देशात एडिंबरो नावाचे शहर आहे. तेथे ३ मार्च १८४७ रोजी अलेकचा जन्म झाला. आजोबांचे नाव अलेक्झांडर, वडिलांचे अलेक्झांडर, मुलाचेही अलेक्झांडर! घरात एकाच नावाची तीन माणसे. अकराव्या वाढदिवशी मुलाने मधले नाव हवे म्हणून हट्ट धरला, तेव्हा त्याला ग्रॅहॅम हे नाव मिळाले.

आजोबा लंडनला राहत. तोतरे बोलणाऱ्यांना नीट बोलायला शिकवणे हे त्यांचे काम. वडील मेलव्हिल बेल हेही उच्चारशास्त्राचे शिक्षक. आणि आई? आई सुंदर पियानो वाजवी, पण तिला फार कमी ऐकू येई. ती कानाला कर्णा लावून ऐके. घरी पाहुणे आले, बोलणे रंगले, की आई एकटी पडे. अलेकला ते बघवत नसे. तो आईजवळ बसे आणि चाललेले बोलणे हाताच्या बोटांच्या खुणांनी तिला सांगे. पुढे त्याला आणखी एक युक्ती सापडली. आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन तो खालच्या, संथ आवाजात बोले. आवाजाची थरथर आईला जाणवे आणि बोलणे समजे. आवाज म्हणजे थरथर, हा पहिला धडा अलेक शाळेत नाही, आईपाशी शिकला.

शाळेत मात्र त्याची फारशी चमक नव्हती बरं का! पण डोके सदा चालू. एका मित्राच्या घरची पिठाची गिरणी होती. दोघे पोरे तिथे धुडगूस घालत. मित्राच्या वडिलांनी एकदा दटावले, की काहीतरी उपयोगाचे काम करा. गव्हाची टरफले काढणे हे गिरणीतले मोठे किचकट काम. बारा वर्षांच्या अलेकने फिरती वल्ही आणि नखे घासायचे ब्रश जोडून टरफले काढायचे साधे यंत्र बनवले. ते त्या गिरणीत पुढे बरीच वर्षे वापरात होते.

बोलणारे डोके

अलेक सोळा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला एक नवल दाखवायला नेले. व्हीटस्टन नावाच्या शास्त्रज्ञाकडे एक बोलणारे यंत्र होते. फॉन केम्पेलेन या गृहस्थांनी पूर्वी जसे यंत्र केले होते, त्याच धर्तीवर ते बनवलेले. भाता दाबायचा, हाताने नळीचा आकार बदलायचा, की त्यातून मोडके तोडके शब्द निघत.

घरी आल्यावर वडिलांनी अलेकला आणि त्याच्या थोरल्या भावाला असेच यंत्र करून दाखवा म्हणून सांगितले, वर बक्षीसही लावले. मग काय! भावाने भाता आणि घसा करायला घेतला, अलेकने डोके. मेलेल्या कोकराचा घसा कापून, आत आवाज कुठे होतो ते त्यांनी नीट पाहिले. रबराचे ओठ केले, जीभ केली, गाल केले. भात्यातून हवा सोडली आणि ओठ उघडझाप केले, तो त्यातून तान्ह्या पोराने आईला हाक मारावी तसा मामा असा आवाज निघाला. शेजारचे माणूस कोणाचे बाळ रडते आहे ते पाहायला आले. दोघा भावांना याहून मोठे बक्षीस कोणते?

अलेक एवढ्यावर थांबला नाही. घरचा कुत्रा ट्रूव्ह गुरगुरू लागला की अलेक हाताने त्याचे ओठ आणि घसा दाबून त्या गुरगुरीला शब्दांचा आकार देऊ पाही. आजी, कशी आहेस, असे काहीसे इंग्रजी शब्द कुत्र्याच्या तोंडून आल्यासारखे ऐकणाऱ्यांना वाटत.

खेळ म्हणून हे हसण्यासारखे आहे. पण मुलांनो, यात एक पक्की गोष्ट आहे. आपल्या बोलण्याचे दोन भाग असतात. फुफ्फुसातून वर येणारा श्वास गळ्यातल्या दोन स्वरतंतूंना थरथरवतो. तो झाला आवाज. मग जीभ, टाळू, दात आणि ओठ त्या आवाजाला आकार देतात. तो झाला उच्चार. एक काम बंद पडले तरी दुसरे शाबूत असू शकते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

दिसणारे बोलणे

वडिलांनी एक नवीन लिपी तयार केली होती. तिचे पुस्तक १८६७ साली निघाले. नाव होते दृश्य वाणी, म्हणजे डोळ्यांना दिसणारे बोलणे. आपल्या वर्णमालेकडे पाहा. क ख ग घ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलतो. त थ द ध म्हणताना जिभेचे टोक दातांना लागते. प फ ब भ म्हणताना ओठ मिटतात. आपल्या पूर्वजांनी अक्षरे अशी जागेप्रमाणे ओळीने लावून ठेवली. मेलव्हिल बेल यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या लिपीत चिन्हाचा आकारच सांगे, की जीभ कुठे ठेवायची आणि ओठ कसे करायचे.

लोकांपुढे तिचे प्रयोग होत. अलेकला बाहेर पाठवायचे. लोकांनी हवा तो शब्द, हवा तो आवाज सांगायचा. वडील तो फळ्यावर चिन्हांत लिहीत. अलेक आत येऊन चिन्हे वाचून तसाच उच्चार करून दाखवी. लॅटिन, गेलिक, एवढेच काय, आपल्याकडची संस्कृतसुद्धा त्याने अशी वाचून दाखवली. त्यातली एकही भाषा त्या लिपीला अडली नाही.

मग विचार आला : ज्याला ऐकूच येत नाही, त्यालाही ही चिन्हे पाहून जीभ कुठे ठेवायची ते कळेल की! १८६८ साली अलेकने लंडनमधल्या एका शाळेत कर्णबधिर मुलींना या पद्धतीने शिकवून पाहिले. मुली उच्चार करू लागल्या. त्याला आपले आयुष्याचे काम सापडले.

पण घरावर संकट कोसळले. क्षयाने १८६७ मध्ये धाकटा भाऊ एडवर्ड गेला. १८७० मध्ये थोरला मेलव्हिलही त्याच रोगाने गेला. बोलणारे डोके करताना जोडीला होता तोच हा भाऊ. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. उरलेला एकच मुलगा, तोही अशक्त. आईवडिलांनी देश सोडला आणि १८७० साली सगळे कॅनडात ब्रँटफर्ड गावी जाऊन राहिले. मोकळ्या हवेत अलेकची प्रकृती सुधारली.

बोस्टनचे गुरुजी

१८७१ साली बेल अमेरिकेतील बोस्टन शहरी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागले. १८७३ मध्ये ते बोस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचा एक विद्यार्थी होता जॉर्ज सँडर्स, अवघ्या पाच वर्षांचा, जन्मापासून ऐकू न येणारा. बेल यांनी त्याच्यासाठी एक हातमोजा केला. मोज्यावर जागोजागी अक्षरे लिहिली. त्या त्या अक्षराला बोट लावले की शब्द तयार होई. बोटांवर शब्द जुळवत जॉर्ज बोलायला आणि वाचायला शिकला.

दुसरी विद्यार्थिनी मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना तापात तिची श्रवणशक्ती गेली. ती ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखी. पुढे ११ जुलै १८७७ रोजी बेल आणि मेबल यांचे लग्न झाले. लग्नाची भेट म्हणून बेल यांनी टेलिफोन कंपनीतले आपले जवळजवळ सगळे समभाग तिला दिले, स्वतःला फक्त १० ठेवले!

मेलेल्या माणसाचा कान

कर्णबधिर मुलाला आपला उच्चार बरोबर झाला की चुकला, हे कसे कळावे? ऐकू तर येत नाही. मग निदान डोळ्यांना दिसावे, अशी बेल यांची धडपड होती. १८७४ साली डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्यांना एका मृत माणसाचा कान मिळवून दिला. बेल यांनी कानाच्या आतल्या हाडांना गवताची काडी जोडली आणि काडीच्या टोकाशी काजळी धरलेली काच ठेवली. कानात तोंडाने आवाज केला की पडदा हले, हाडे हलत, काडी हले आणि काजळीवर नागमोडी रेघ उमटे. अ म्हटले की एक नक्षी, इ म्हटले की वेगळी. आवाजाचे चित्रच!

ते चित्र पाहताना बेल यांच्या मनात आले, की कानाचा पडदा किती पातळ आणि तो हलवतो ती हाडे त्या मानाने केवढी जड. मग असाच पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? लोखंड चुंबकाजवळ हलले तर तारेतली वीज कमीजास्त होईल, म्हणजे आवाज विजेवर बसून तारेतून जाईल! टेलिफोनचे बी असे रुजले.

थॉमस वॉटसन हा हुशार कारागीर मदतीला आला. २ जून १८७५ रोजी एका खोलीतली अडकलेली पट्टी वॉटसनने छेडली, तो तिचा झणकार दुसऱ्या खोलीत तारेवरून बेल यांना ऐकू आला. त्यांना एकाएकी वाट दिसली. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना शोधाचा हक्क मिळाला, त्याचा क्रमांक १,७४,४६५. तीनच दिवसांनी, १० मार्चला, बेल यांनी वॉटसनला यंत्रातून हाक मारून बोलावले आणि पलीकडच्या खोलीतून वॉटसन धावत आला. तारेवरून गेलेले ते पहिले स्पष्ट बोलणे.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाला मोठे प्रदर्शन भरले. बेल जायला तयार नव्हते, कारण विद्यार्थ्यांच्या परीक्षा होत्या. मेबलने त्यांना स्टेशनवर नेले. ते वाद घालू लागले तेव्हा तिने तोंडच फिरवले, असे सांगतात. ओठ दिसले नाहीत म्हणजे बोलणे बंद! बेल मुकाट्याने गाडीत बसले. प्रदर्शनात ब्राझीलचे सम्राट पेद्रू आले होते. त्यांनी नुकताच बोस्टनला कर्णबधिरांची शाळा पाहिली होती, तेव्हा बेल यांची भेट झाली होती. त्यांनी गुरुजींना ओळखले, यंत्र कानाला लावले आणि चकित झाले. दुसऱ्या दिवसापासून जगभर नाव झाले.

इतरांनीही या शोधावर हक्क सांगितला. एलिशा ग्रे यांचा कागद तर बेल यांच्या अर्जाच्या दिवशीच, १४ फेब्रुवारी १८७६ रोजी, कचेरीत आला होता. कोर्टकज्जे पुष्कळ झाले, त्यांत बेल यांचा हक्क टिकला. १८८२ साली आपल्या मुंबईतही टेलिफोन केंद्र सुरू झाले.

पैसा आला, कामही वाढले

१८८० साली फ्रान्स देशाने बेल यांना व्होल्टा पारितोषिक दिले, ५०,००० फ्रँक. त्यातून त्यांनी प्रयोगशाळा काढली आणि पुढे १८८७ मध्ये कर्णबधिरांविषयीची माहिती गोळा करणारी व्होल्टा ब्यूरो ही संस्था. कोणाला किती ऐकू येते ते मोजायचे यंत्रही त्यांनी १८७९ मध्ये बनवले. आवाज मोजायच्या डेसिबल या मापात बेल हे नाव आजही आहे. १८८१ मध्ये त्यांचे तान्हे बाळ श्वास घेता न आल्याने गेले. त्या दुःखात त्यांनी श्वास चालू ठेवणारे, छातीभोवती बसवायचे एक पोकळ जाकीट तयार केले. स्वतःच्या बाळाला ते मिळाले नाही, दुसऱ्यांच्या बाळांना मिळावे म्हणून.

१८८६ साली एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे आले. मुलीला दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. बेल यांनी तिला मांडीवर घेतले आणि आपले घड्याळ हाताळायला दिले. तिच्या वडिलांना त्यांनी योग्य शाळेचा पत्ता सांगितला. तेथून ३ मार्च १८८७ रोजी अॅन सलिव्हन नावाच्या शिक्षिका तिच्या घरी आल्या. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. पुढे तिने आपले आत्मचरित्र बेल यांनाच अर्पण केले.

एक गोष्ट मात्र पटत नाही

थोर माणसाचे सगळेच बरोबर असते असे नाही, मुलांनो. सर्व कर्णबधिर मुलांनी तोंडानेच बोलावे, हातांच्या खुणांची भाषा शाळेत नको, असे बेल यांचे ठाम मत होते. कर्णबधिरांनी आपसांत लग्ने करू नयेत, असेही त्यांना वाटे. त्या काळी पुष्कळ शिक्षक तोंडी पद्धतीच्याच बाजूचे होते. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेने तसा ठराव केला आणि अनेक शाळांत खुणांना बंदी झाली. काही मुले बोलायला शिकली. पण ज्यांना ते जमले नाही त्यांची ना तोंडाची भाषा, ना हाताची, अशी गत झाली. कर्णबधिर लोक या बाबतीत बेल यांना आजही दोष देतात, आणि तो दोष खोटा नाही. ज्या मुलाने आईशी बोटांनी बोलणे केले, त्यानेच मोठेपणी हे मत धरावे, याचे वाईट वाटते. खुणांची भाषा ही व्याकरण असलेली पुरी भाषा आहे, हे आता अभ्यासकांनी मान्य केले आहे. आपल्या देशातही २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले.

गेलेला आवाज परत

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील आपल्या घरी, वयाच्या ७५ व्या वर्षी, बेल यांचे निधन झाले. दफनाच्या वेळी अमेरिका व कॅनडातील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले.

पण त्यांची विद्या पुढे चालू राहिली. त्यांच्या नावाची बेल प्रयोगशाळा १९२५ मध्ये निघाली. घशाच्या कर्करोगात काही रोग्यांचे स्वरयंत्र काढून टाकावे लागते. तंबाखू आणि विडी हे त्याचे एक मोठे कारण आहे, हे घरी जरूर सांगा. अशा माणसाची जीभ शाबूत, ओठ शाबूत, पण थरथर नाही. बोलण्याचे दोन भाग मघाशी सांगितले, ते आठवा. या प्रयोगशाळेतील लोकांनी १९२९ च्या सुमारास श्वासावर वाजणारा कृत्रिम घसा केला. १९६० च्या सुमारास विजेवर चालणारा आला. दिसायला हातातल्या बॅटरीसारखा. गळ्याला लावून कळ दाबली की यंत्र थरथरते, ती थरथर तोंडात जाते आणि जीभ व ओठ तिचे शब्द करतात. आवाज एकसुरी येतो, पण माणूस आपल्या नातवाला हाक मारू शकतो. भाता आणि रबराचे ओठ घेऊन खेळणाऱ्या दोन भावांची हीच तर युक्ती!

१९३९ मध्ये त्याच प्रयोगशाळेने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात बोटांनी वाजवून बोलते करायचे यंत्र मांडले. १९४७ मध्ये तेथील संशोधकांनी आवाजाची चित्रे काढण्याविषयी पुस्तक लिहिले. त्याचे नाव ठेवले दृश्य वाणी, थेट बेलबाबांच्या वडिलांच्या पुस्तकाचेच!

आता हे काम संगणक करतो. आवाज किती उंच, किती थरथरता, किती घोगरा, हे तो मोजतो. बोलताना त्रास होणाऱ्या मुलाला पडद्यावर आपल्या आवाजाची रेघ दिसते, आणि ती पाहून तो सराव करतो. काजळीच्या काचेचे काम आता पडदा करतो. १९८५ साली शस्त्रक्रियेमुळे ज्यांचा आवाज गेला ते शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग २०१८ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, संगणकाच्या आवाजात जगाशी बोलत राहिले. आजारात हळूहळू वाचा जाणारे रोगी आपला आवाज आधीच साठवून ठेवतात, म्हणजे पुढे संगणक त्यांच्याच आवाजासारखे बोलतो.

आणि खुद्द बेल यांचा आवाज? १५ एप्रिल १८८५ रोजी त्यांनी मेण लावलेल्या तबकडीवर तो उमटवून ठेवला होता. पण ती वाजवायचे साधन उरले नव्हते. २०१३ साली शास्त्रज्ञांनी तबकडीला न शिवता, प्रकाशाने तिच्या खाचा टिपल्या आणि संगणकाने त्यांचा पुन्हा आवाज केला. आकडे मोजून झाल्यावर बेल त्यात आपले नाव सांगतात आणि माझा आवाज ऐका असे म्हणतात. दुसऱ्यांच्या आवाजासाठी जन्म घालवला, त्या गुरुजींचा आवाज १२८ वर्षांनी लोकांनी ऐकला.

मुलांनो, आपल्या वर्गात कोणी अडखळत बोलत असेल, कोणाला कमी ऐकू येत असेल. त्याला बोबड्या, मुक्या, बहिऱ्या अशी नावे ठेवू नका. त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, स्पष्ट बोला. त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबा, मध्येच त्याचा शब्द तोडू नका. तो खुणांनी बोलत असेल तर त्याच्याकडून चार खुणा शिकून घ्या. एवढे करायला यंत्र लागत नाही, शाळेतला कोणीही करू शकतो.

करून पाहा

१. गळ्यावर दोन बोटे ठेवून लांब म् म्हणा, मग लांब स् म्हणा. थरथर कशात लागते?

२. फुगवलेला फुगा दोन्ही हातांत गालाजवळ धरा. मित्राला फुग्याशी तोंड नेऊन बोलायला सांगा. हातांना काय जाणवते?

३. दोन रिकाम्या काड्यापेट्या आणि लांब दोरा घेऊन टेलिफोन करा. दोरा ताणलेला असताना आणि सैल असताना ऐकू येण्यात काय फरक पडतो? कारण वहीत लिहा आणि बाईंना किंवा गुरुजींना दाखवा.